क्रोटनची वळलेली पानं

रविवार, ऑगस्ट १९८९

आठ दिवस मी धडधाकट झाडावर उपचार करत होतो. हसू आवरत नाहीये.

शेजारच्या जुबेदाखालांनी दिलेलं क्रोटन, पानन् पान स्प्रिंगसारखं वळलेलं. मला वाटलं, गावी मिरचीवर पडतो तसा पानं वळवणारा बोकड्या रोग पडला. आधी तंबाखूचं पाणी मारलं. मग लूमवरचं सूत आणून एकेक पान काडीला सरळ बांधलं. कापड तपासणारा माणूस मी, सुरकुती दिसली की हात गप्प बसतात कुठे?

आज खाला लेकीकडून परतल्या. आता रागावणार... पण कुंडी बघून म्हणाल्या, "अवो भाऊ, बांधून कशाला ठेवलंत? याची पानं अशीच असतात. म्हणून तर तुम्हाला दिलं."

मी आणि आमची सहा वर्षांची कुसुम गाठी सोडत बसलो. सुटलं की पान पुन्हा आपलं वळायचं. कुसुमचे केस कुरळे. तिची आई रोज तेल चोपडून, ओढून घट्ट वेण्या घालते, कुसुम रडते. शेवटची गाठ सुटली तशी कुसुम आईकडे पाठ करून बसली. "आता माझ्या सोड."

आईनं हसत रिबिनी सोडल्या.

उद्या शाळेत मोकळे केस बघून बाई ओरडल्या तर ओरडू देत.