सतरा नंबरची अर्धी गोळी

प्रिय हट्टी आबा,

आपल्या घरात पत्र लिहितं कोण? तुमच्याशी बोलायचं तर मी ओट्यापाशी उभी राहून ओरडायची आणि तुम्ही ऐकू न आल्याचं सोंग करायचात. पण आज मी धाराशिवला जाऊन तुमची चोरी सांगून आले. तुमच्या पाठीमागं तुमच्याबद्दल बोलले, तर ते तुम्हाला कळवायला नको?

होय, तीच चोरी. अडकित्त्याची!

रागावू नका. चार महिने मी गप्प होते. गेल्या आठवड्यात शेख सिस्टरचा फोन आला. किडनीच्या आजारावरच्या नव्या औषधाचा अभ्यास संपला, म्हणाल्या. कुणाला कुठली गोळी होती ते आता उघडलंय, घरच्यांना हवं असेल तर येऊन विचारावं. मग म्हणाल्या, "तुमचे आबा फार शिस्तीचे होते हो. एक दिवस गोळी चुकली नाही. मी बाकीच्यांना त्यांचं उदाहरण देते." तेव्हा मात्र माझ्या हातातला फोन जड झाला.

आठवतं, मीच तुम्हाला त्या अभ्यासात घातलं होतं? मी कंडक्टर असलेल्या एसटीतल्या एका पॅसेंजरनं सांगितलं होतं की धाराशिवच्या दवाखान्यात असं काही सुरू होतंय. तुमच्या दोन्ही किडन्या हळूहळू कामातून चालल्या होत्या आणि बिरूकाकांच्याही. तुम्ही दोघं जन्माचे सोबती, मेंढरांमागं बरोबर चाललात, गुडघेही बरोबरच धरले. त्या गुडघ्यांसाठी किराणा दुकानातल्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्यात. एकाकडं असली की दोघांनी. डॉक्टर म्हणाले, त्यानंच घात केला असावा.

मी तुम्हा दोघांना आपल्या ईट गावाहून माझ्या गाडीत बसवून घेऊन गेले. दोघांचं रक्त घेतलं, लघवी तपासली. आठवड्यानं परत बोलावलं. तुम्ही अभ्यासाच्या नियमात बसलात आणि बिरूकाका बसले नाहीत. "काका, या अभ्यासात घेता येईल त्यापेक्षा तुमची किडनी जास्त खराब झालीये," असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काकांनी टोपी सारखी केली आणि "बरं" म्हणाले. एवढंच.

तुम्हाला समोर बसवून डॉक्टर म्हणाले, "अर्ध्या लोकांना खरं औषध मिळेल. अर्ध्यांना अगदी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली, ते शेवटपर्यंत मलाही कळणार नाही."

"म्हंजी डागदर, तुमालाबी ठाव न्हाय?"

"नाही."

"अन् ह्या औषदानं गुण येतो का?"

"तेही अजून ठाऊक नाही आबा. तेच तर शोधायचंय."

मला वाटलं, आता तुम्ही उठून चालू लागणार. तुम्ही उलट खुर्ची पुढं ओढलीत. "कौशे, आजपतुर ज्यो त्यो म्हनला, मला समदं ठावं हाय. ह्यो पैला मानूस म्हनतोय, ठाव न्हाय. दे पेन हिकडं." आणि पानोपानी सही केलीत, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरासारखी. तुम्हाला नंबर मिळाला सतरा. त्या दिवसापासून तुम्ही दवाखान्यात नाव सांगायचंच बंद केलंत. "सतरा नंबर आलाय म्हनून सांगा," म्हणायचात.

येताना गाडीत किती बडबडायला हवं होतं तुम्ही! पण येरमाळा गेलं तरी शब्द नाही. काका खिडकीशी बसून बाहेर बघत होते. उतरताना तुम्ही मला म्हणालात, "एकानं खायाचं अन् एकानं बगायचं, ह्ये काय बरं न्हाय." मी म्हटलं, तिथं नियम असतात आबा. तुम्ही मान डोलावलीत आणि मला वाटलं, विषय संपला!

विषय तिथंच सुरू झाला होता. दिवसभर थापा मारणाऱ्या पॅसेंजरना मी चेहऱ्यावरून ओळखते. पाच वर्षांचं पोर तीनचं करून सांगणारी आई, झोपेचं सोंग घेतलेला कॉलेजचा पोरगा, कुणी सुटत नाही. आणि घरातला माणूस सुटला?

खुणा तर किती होत्या! अभ्यासात जाताना तुम्ही तंबाखू आणि सुपारी सोडलीत. पण चंची कमरेला तशीच, आणि तिच्यात अडकित्ता. मी विचारलं, सुपारी सोडली मग अडकित्ता कशाला? "हाताला सवं हाय," म्हणालात. एकदा त्याच्या पात्याला पांढरी भुकटी दिसली. चुना असेल म्हणून मीच फडक्यानं पुसली. आणि त्या दिवशी माझ्या गाडीत अर्धं तिकीट घेताना हसून म्हणालात, "आमचं काय, समदं अर्ध्यावर भागतंय." मी पुढच्या सीटला गेले. गर्दी होती ना.

चोवीस तासांची लघवी जमवायचा दिवस आठवला की मला अजून हसू येतं. पांढरा कॅन, पहिली लघवी टाकून द्यायची आणि पुढची दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत थेंब न् थेंब त्यात. तो कॅन सुती पिशवीत घालून तुम्ही गाडीत मांडीवर घेऊन बसलात. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाबा, ताक हाय का?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "न्हाय बाय, सरकारी नमुना हाय." डोळे मिटून बसलात तुम्ही, आणि मला तिकीट फाडता येईना.

सिस्टर दर खेपेला रिकामी पाकिटं मोजायच्या आणि विचारायच्या, "आबा, एखादा दिवस चुकला का?" तुम्ही म्हणायचात, "एकबी न्हाय." खोटं बोलला नाहीत हो तुम्ही! एकही दिवस चुकला नव्हता. फक्त गोळी अर्धी होती, हे कुणी विचारलंच नाही.

मग तुमचं हृदय थांबलं. सकाळी चहाचा कप भरून हाक मारली आणि तुम्ही आलाच नाहीत. किडनीची काळजी करत बसलो आपण.

तेराव्यानंतर मी तुमची चंची उघडली. एका कप्प्यात अडकित्ता. दुसऱ्या कप्प्यात कागदाच्या घडीत अर्धी गोळी, सरळ, नेमकी कापलेली. ती हातात घेऊन मी तशीच बिरूकाकांकडे गेले. त्यांनी गोळी बघताच ओळखली.

"रोज सकाळी यायचा," म्हणाले. "देवळाच्या कट्ट्यावर बसायचा. माज्या हातावर अर्दी ठेवायचा, सोता अर्दी टाकायचा. म्या नगं म्हनलं, कौशे, लई डाव नगं म्हनलं. तर म्हनला, तू खाल्ली न्हायस तर मीबी थुकतो. अन् तुला सांगायचं न्हाय म्हनून शबूद घेतला."

आबा, मला त्या वेळी काय झालं कुणास ठाऊक. मी काकांना तोंडावर म्हणाले, "माझ्या बापाचं आयुष्य खाल्लंत तुम्ही." त्यांच्या सुनेनं दारातून ऐकलं. मी चपला घालून निघून आले.

त्यानंतर काकांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा धाराशिवला. कधी कधी माझ्याच गाडीत चढायचे. मी तिकीट फाडून हातात द्यायची आणि त्यांच्याकडे न बघता पुढं सरकायची. ते तिकीट मुठीत धरून शेवटपर्यंत तसेच बसायचे. हे तुम्हाला सांगताना मला लाज वाटते. पण सांगते, कारण आज सगळंच सांगायचा दिवस आहे.

आणि तुमच्यावरही मी रागावलेच होते, बरं का! ती काय भाकरी होती, निम्मी मोडून द्यायला? ज्या माणसाला डॉक्टरांनी नको म्हटलं त्याला ती बाधली असती तर? उद्या ते औषध आपल्या गावातल्या कुणाला द्यायचं की नाही, ते तुमच्यासारख्यांच्या रक्तावरून ठरणार. तिथं सतरा नंबरपुढं रोज पूर्ण गोळी लिहिलीय आणि पोटात गेली अर्धी! ज्यानं तुम्हाला खरं सांगितलं की मला ठाऊक नाही, त्याच माणसाला तुम्ही असं फसवलंत? तुमची दया मला कळते आबा, पण हे कळत नाही.

पण सांगितलं तर तुमचा नंबर काढून टाकतील, ही भीती होती. सतरा नंबरशिवाय तुमच्याकडे मिरवायला होतं काय? म्हणून चार महिने गप्प बसले.

काल सकाळी काकांच्या घरी गेले. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहूनच म्हटलं, "उद्या मी दवाखान्यात सगळं सांगणार आहे."

"सांग बाई," म्हणाले. "म्याबी कवाच सांगितलं आसतं. शबूद आडवा आला." आणि वर म्हणाले, "पर गोळी कुटली निगाली, त्ये मला सांगू नगं. खरी निगाली तर म्या चोर. अन् खोटी निगाली तर त्यो येडा. दोन्ही मला ऐकायचं न्हाय."

मी मान हलवली आणि निघाले. माफी मागायची तर तेव्हाच मागायला हवी होती. नाही मागितली.

आज शेख सिस्टरच्या टेबलावर कागदाची घडी उघडून ठेवली. गोळी कुठली होती ते मला सांगू नका, असंही आधीच म्हटलं. सिस्टर लिहायच्या थांबल्या. चिडल्या नाहीत, पण चेहरा उतरला. उठून डॉक्टरांना घेऊन आल्या. मी पहिल्यापासून सांगितलं. काकांचा आजार, कट्टा, अडकित्ता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ते काका आहेत ना? बरे आहेत?"

"आहेत. डायलिसिसवर आहेत."

"किती दिवस खाल्ली त्यांनी?"

"आबा होते तोवर रोज."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही नको म्हणालात, पण त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून सांगतो. त्यांना यातून काही अपाय झालेला नाही. आबांच्या गोळीत औषध नव्हतंच."

आबा! औषध नव्हतंच हो! तुम्ही दोघांनी कट्ट्यावर बसून रोज भुकटी वाटून खाल्लीत. अडकित्त्यानं, इतकी नेमकी कापून! मी तिथं हसायला लागले आणि मग रडायला. सिस्टरनी पाणी दिलं. काकांनी तुमचं काही खाल्लं नव्हतं. एक दिवससुद्धा नाही.

मी विचारलं, नंबर काढणार का त्यांचा? डॉक्टर म्हणाले, "नाही. आबांचं रक्त, लघवी, तपासण्या, सगळं राहील. त्यापुढं हे लिहून ठेवावं लागेल, एवढंच. लपून राहिलं असतं तर जास्त वाईट झालं असतं." सिस्टरनी ती अर्धी गोळी एका छोट्या पाकिटात घातली आणि वर माझ्यादेखत लिहिलं, सतरा, गोळी अर्धी. मग मी विचारलं, ज्यांना खरं औषध होतं त्यांना तरी गुण आला का? डॉक्टर म्हणाले, अजून हिशेब चाललाय, ठाऊक नाही. तुम्हाला ते ऐकून बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तशीच काकांच्या घरी गेले. ते बाजेवर बसले होते, हाताला पट्टी, आजच सुया काढलेल्या. सुनेनं त्यांना चहा दिला होता. पाणी मोजून प्यायचं असतं त्यांना, दिवसाचा तेवढा एकच कप. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "नंबर ऱ्हायला का त्याचा?"

"राहिला."

त्यांनी डोळे मिटले. माझ्या ओठांवर माफी आली होती, आबा. चुकले काका, नको ते बोलले तुम्हाला. पण आज ती मागितली असती तर काकांना लगेच कळलं असतं की गोळी खोटी निघाली. त्यांना ते नको होतं. काल मागितली असती तर ती नुसती माफी झाली असती. आता उशीर झाला, आणि तो माझ्या हट्टानं झाला. तुमचीच लेक ना!

मी उभीच होते. काकांनी कपातला अर्धा चहा बशीत ओतला, बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "घे." त्या घरात चार महिने मी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी खाली बसले आणि बशी तोंडाला लावली. साखर जास्त होती. काका माझ्याकडे बघत होते, आणि मी सगळा चहा संपवला.

तर आता ऐका. डायलिसिसच्या दिवशी माझी ड्युटी असेल तर काकांना माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसवीन आणि बोलत नेईन. नसेल तर शेजारी बसून जाईन. त्यांच्या कपातला अर्धा चहा रोज पिईन. पुढं कुठल्या अभ्यासात कुणी मला बसवलं तर गोळी पूर्ण गिळीन, आणि चुकलं तर चुकलं म्हणून सांगीन. आणि गोळीत काय होतं ते माझ्या तोंडून काकांना कधीच कळणार नाही. तुम्ही येडे होता, हे ईटमध्ये माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होऊ देणार नाही.

तुमची कंडक्टरीन,
कौशी