दादाची एक चांगली गोष्ट

आईला धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. वेल्डिंगने डोळे चुरचुरायचे, ते आता कमी झालंय. तुझे गुडघे कसे आहेत?

दादाची दारू सोडवणाऱ्या बाईंनी घरातल्या प्रत्येकाला त्याची एक चांगली गोष्ट सांगायला लावलंय, असं ताईने कळवलं. उणं काढायचं नाही, त्याचं बळ कुठे आहे ते शोधायचं म्हणे. वा! मी थेंबाला शिवलो नाही, तर माझ्या वाट्याला "हा एका जागी टिकत नाही" एवढंच. त्याने घर डोक्यावर घेतलं, तर त्याचे गोडवे!

बरं, माझ्याकडून बाईंना ही सांग. लहानपणी मी तापाने फणफणलो, तेव्हा दादा मला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत अनवाणी पळाला. पाय रक्ताळले होते, तरी डॉक्टरांना म्हणाला, "आधी याला बघा." खरं आहे म्हणून लिहितोय, नाहीतर लिहिलं नसतं. तो सुटू दे यातून.

आता माझ्यातलं काय चांगलं, तेही लिहून पाठव. फोनवर नको, खोलीत सगळे ऐकतात. आणि ताईला विचारू नकोस, तुझं तूच आठव.

तुझा न पिणारा मुलगा