चीर कुठं घ्यायची

२ जानेवारी १९७४
नवीन वर्षाचा संकल्प झाला. छाती वाढवून घ्यायची. ऑपरेशननं.
काल टेलर मास्तर तोंडावर म्हणाला, वहिनी, ब्लाउजला टक्स कशाला, सरळच शिवतो, कापड तरी वाचंल. आजवर लई ऐकून घेतलं. आता बास.

३ जानेवारी
मैत्रीण शैला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीला आलीय. सगळी माहिती काढली. आत सिलिकॉनची पिशवी बसवतात. चीर कुठं द्यायची ते पेशंटनं सांगायचं. काखेत, स्तनाखालच्या घडीत, नाहीतर बोंडाभोवतीच्या काळ्या कडेनं.
नवरासुद्धा मला न विचारता ठरवला होता. इथं चॉइस आहे. घाई करणार नाही.

५ जानेवारी
काख बाद. यंदा स्लीव्हलेस घालायचा विचार आहे. सासूबाईंना समजावता येईल.
घडी उत्तम. आरशासमोर उभी राहून बघितलं. घडी आधी असावी लागते.

६ जानेवारी, दुपारी
काळी कड फायनल. तिथं बघणार एकटे आमचे हे, म्हणजे ईश्वरप्पा. तेही दिवा मालवून, चष्मा काढून. दहा वर्षांत तक्रार नाही, कौतुकही नाही. एकदा तरी माझ्याकडं नीट बघावं, एवढंच म्हणणं आहे.

८ जानेवारी
घरी अपेंडिक्स सांगायचं ठरलं. कुणाला दिसत नाही, कुणी तपासत नाही. जेवताना पोट धरलं. म्हटलं, कापावंच लागणार, मुंबईत मोठे डॉक्टर आहेत, शैला सगळं बघंल. ह्यांचा घास हातातच राहिला. मी नाटकात असायला हवी होते.

१३ जानेवारी
संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरलीय, घरी पाहुणे आलेत. ह्यांच्या होटगीच्या निंगव्वा आत्यांनी आल्या आल्या नाडी सैल करून आपल्या अपेंडिक्सचा व्रण दाखवला. दार सताड उघडं. म्हणाल्या, महानंदा, आडवा घेऊ नको, उभाच घे, आडवा शिंकताना लई ओढतो. सासूबाई आडव्याच्या बाजूच्या. दोघींचं कानडीत जुंपलं. मी हसू दाबून बसले. चीर केव्हाच ठरलीय, ह्या बायांना काय पत्ता.

१५ जानेवारी
सासूबाई म्हणतात, मुंबईला परक्यात कशाला, आपल्या गल्लीत महादेवप्पा डॉक्टर हाय की. हे लगेच हो म्हणाले.
घाबरण्यासारखं काही नाही. दुखायचं थांबलं म्हणून सांगायचं. पुढचं उन्हाळ्यात बघू.

१६ जानेवारी, सकाळी
सांगितलं, एकदम थांबलं.
निंगव्वा आत्या ताटावरनं उठल्या. म्हणाल्या, थांबलं म्हंजे आत फुटलं. होटगीत रेल्वेच्या एका गार्डाचं असंच थांबलं, तिसऱ्या दिवशी गेला.
हे चपला न घालताच टांगा आणायला पळाले.

तोच दिवस, दुपारी
महादेवप्पा डॉक्टर पोट दाबून विचारत होते, हितं दुखतंय का. सासूबाई उशाशी उभ्या. दुखतंय म्हटलं तर कापणार. नाही म्हटलं तर आत फुटलेलं. मी मधला मार्ग काढला. थोडं, म्हटलं.

१९ जानेवारी
अपेंडिक्स गेलं. डॉक्टर म्हणाले, तसं ठणठणीत होतं, पण आता कायमची काळजी मिटली. व्रण उभा. मला कुणी विचारलंच नाही, निंगव्वा आत्यांनी बाहेर बसून ठरवलं.
हे दुकान बंद ठेवून बाकावर बसलेत. सारखे माझ्याकडंच बघतात, टक लावून. पण तोंडाकडं. त्याच्या खाली नजर जात नाही. म्हणाले, तुला काय झालं असतं तर मी काय केलं असतं गं. मला रडू आलं. टाके ओढले. सगळं खरं सांगून टाकावं असं वाटलं, पण निंगव्वा आत्या मोसंबी सोलत बसल्या होत्या.

२० जानेवारी
खचून जायचं नाही. टॉन्सिल्स अजून शिल्लक आहेत. सकाळी सहज म्हणून घसा खाकरून बघितला.
सासूबाई म्हणाल्या, घशाचा डॉक्टर पंढरपूरला हाय, आपल्याच सोयऱ्यातला.