कडत पाणी

वरची वाडी, उमरठच्या वर,
ता. पोलादपूर
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

माझी अनू,

आजीचा तुझ्या डोक्यावरनं हात. इकडं आम्ही सगळी बरी हाव. तुझा बाप, तुझी आय, म्हैस, सगळी. काळी शेळी परवा व्याली, दोन करडं झाली, एकाच्या कपाळावर पांढरा टिळा हाय. तुझी तब्येत कशी हाय ते कळव. त्या प्रयोगशाळेत एसी लावतात म्हणालीस, तर अंगावर काहीतरी घेत जा.

तू म्हणशील, फोन सोडून आजीला परत पत्राचं काय सुचलं. तर बाय, फोनला रेंज लागते ती देवळाच्या कट्ट्यावरच, आणि कट्ट्यावर कोंडाजी बसलेला असतो. माझं बोलणं माझ्याआधी त्याला ऐकू जातं. आणि मला लिहायला येतं ते तुझ्यामुळंच. दुसरी झाली तशी माझी शाळा सुटली, शेळ्यांमागं गेले. मग तू पहिलीत गेलीस तेव्हा तुझ्या पाटीवर मी परत गिरवायला लागले. "आजी, तुझा ळ आडवा पडलाय गो," म्हणून हसायचीस. अजून पडतोच. बघ वर.

महाडचं तुझं शिबिर झालं त्याला महिना होत आला, पण वाडीत अजून तेच बोलणं चाललंय. कोंडाजी सगळ्यांना सांगतो की डागदरीणबाईनं मला नावानं हाक मारली. शेजारची रंगूबाई मात्र रुसलीय. म्हणते, "तुझी नात एवढी शिकली, आणि माझ्या गुडघ्याला एक गोळी नाय दिली?" मी म्हटलं, "अगो, ती गोळी देणारी डागदर नाय. पोरांना आकडी का येते, ते शोधून काढणारी हाय. गोळी कुठली द्यायची ते दुसऱ्या डागदरांना ती सांगणार." रंगूबाई म्हणाली, "मग गुडघ्याचं कोण शोधतंय?"

पण खरं सांगते अनू, त्या दिवशी शाळेच्या हॉलात तू उभी राहिलीस, आणि समोर एवढ्या बाया पोरं घेऊन बसलेल्या, कुणी तुडीलकडनं, कुणी पार घाटाखालनं, आणि तू बोलायला लागलीस तर एक पोर रडलं नाय. तू गोधडीचं सांगितलंस. म्हणालीस, माणसाच्या अंगात गोधडीसारखे टाके असतात, मोजता येणार नाय इतके, आईबापाकडनं आलेले. त्यातला एखादाच टाका चुकीचा पडतो, आणि मग मेंदूत वीज चमकल्यासारखं होऊन पोर आकडतं. मला कळलं की ती गोधडी माझीच. माझ्या पायाशी बसून तू सुईत दोरा ओवून द्यायचीस. ते एवढं मोठं शास्त्र तू माझ्या चिंध्यांवर समजावलंस, आणि त्या बाया माना हलवत होत्या. शेजारच्या बाईला मी सांगितलं, ही माझी नात. तिनं विचारलं नव्हतं.

मग तू म्हणालीस, काही लेकरांना ताप चढला की आकडी येते. काहींना तर कडत पाण्यानं आंघोळ घातली तरी येते. त्यात आईची काही चूक नसते.

मी तेव्हा उठून बाहेर गेले. तू मागनं आलीस, "आजी, बरं वाटत नाय का?" मी म्हटलं, चहा आला का बघायला आले. तिथं चहा नव्हताच.

दुपारी तू आपल्या घरचाच कागद भरायला बसलीस, पूनमच्या लेकरासाठी. सुनीलची पूनम तुझी चुलतबहीण, तिच्या चंदनला दोनदा आकडी आली म्हणून आपल्या घरचं रक्त आणि आपल्या घरची माहिती तुम्हाला पाहिजे होती. तू विचारलंस, "आजी, तुला मुलं किती झाली?" मी म्हटलं दोन, तुझा बाप सुधीर आणि सुनील. "कुणाला लहानपणी झटके?" म्हटलं, आपल्याकडं कुणाला नाय. तू लिहून घेतलंस. किती भराभर लिहितेस गो. मी तुझं अक्षर बघत बसले.

आता तुडीलचं, पूनमच्या सासरचं सांगते. रविवारी मी पूनमकडं जाऊन आले. चंदन गोरागोमटा हाय, धरून उभा राहतो, मला बघून हसला. तू फोनवर सांगितलेलं पूनमनं मला सांगितलं. त्याच्या रक्तात एक बदल सापडलाय, पण तो दुखण्याचा हाय की असाच निरुपद्रवी, ते सांगता येत नाय. घरात आधी कुणाला असं झालेलं असतं तर अर्थ लावायला मोठी मदत झाली असती. आणि अर्थ लागला तर औषधाचंही ठरेल, कारण आकडीवरचं एखादं औषध असल्या पोरांना उलटं पडतं. तर तिकडं मुंबईत तुम्ही सगळी एवढी शिकलेली माणसं त्या एका कागदावर अडून बसलीत.

हे ती सांगत होती आणि तिची सासू वैशाली भाकऱ्या थापत होती. भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणाली, "आमच्याकडं कुणाला नाय. तुमच्याकडंबी कुणाला नाय, आजींनीच सांगितलंय. मग पोरानं आणलं कुठनं? त्या दिवशी हिनं पाणी केवढं तापवलं होतं ते मी बघितलंय." बाई वाईट नाय ती. नातवासाठी जीव तुटतो तिचा. पण पूनम खाली मान घालून बसली. नंतर पडवीत मला म्हणाली, "आजी, खरंच मीच गो. मीच पाणी जास्त कडत केलं."

मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि गाडी चुकेल म्हणून निघून आले. गाडीला अजून तास होता.

अनू, माझं पहिलं लेकरू ज्योती. तुझ्या बापाच्या आधीची, चार वर्षांनी मोठी झाली असती. हे नाव मी पन्नास वर्षांत लिहिलं नाय, बोलले नाय. तुझ्या बापाला बहीण होती हे त्याला ठाऊक नाय. वाडीत ठाऊक असलेली माणसं गेली, एक रंगूबाई उरली, आणि ती गुडघ्याचं सोडून सगळं पोटात ठेवते.

नऊ महिन्यांची असताना तिला ताप आला आणि आकडी आली. डोळे वर, हात ताठ. मग परत परत येत राहिली. सासूबाई म्हणाल्या, गारठा भरलाय, कडत पाण्यानं न्हाऊ घाल आणि शेक दे. तुझे आजोबा मुंबईला कामाला, विचारायचं कुणाला. मी चुलीवर हंडा चढवायची. आकडी आली की मला वाटायचं पाणी कमी पडलं, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी कडत. पायावर घेऊन न्हाऊ घालायची. ती रडायची, मी म्हणायची, थोडं सोस गो माझे बाय, गारठा निघून जाईल. दीड वर्षाची होती. एक दिवस पायावरच आकडली ती थांबलीच नाय. मी आणि रंगूबाई तिला घेऊन पोलादपूरला निघालो, तेव्हा रस्ता नव्हता. अर्ध्या उतारावर ती शांत झाली. आम्ही खाली गेलोच नाय.

सासूबाईंनी सांगितलं, तापानं गेली म्हणायचं. आकडीचं नाव काढलंस तर या घरात पुढं पोरगी कोण देईल. मग दोन पोरगे झाले आणि मी विचारणाऱ्याला दोन म्हणायला शिकले. आमच्यात बाया जगलेलीच मोजतात. पण ते कारण नाय. मला वाटायचं, मीच मारली. सासूबाईंनी सांगितलं खरं, पण हंडा मी चढवत होते ना.

म्हणून त्या दिवशी तुझं बोलणं मला सोसलं नाय. पन्नास वर्षांनी कुणीतरी सांगितलं की आईची चूक नसते, आणि सांगणारी कोण, तर माझी नात. मी अडाणी बाई, मला तुझं शास्त्र किती कळणार. पण एवढं कळतं की जे मला तेव्हा कुणी सांगितलं नाय ते शोधायला तू आयुष्य घातलंयस, आणि मी तुझ्याच कागदावर खोटं लिहवलं. तू मला रागे भर. भरणार नाहीस ते माहीत हाय, म्हणून जास्त लागतं.

आता तू काय कर. पूनमच्या कागदावर तिला घाल. तू गोल आणि चौकोन काढतेस, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. सुधीरच्या अलीकडं जागा कर. ज्योती, दीड वर्ष, ताप आणि कडत पाण्यानं आकडी. माझं रक्तही घे. सुईला मी भीत नाय, भीत होते ते दुसरंच होतं. आणि वैशालीला तू काही सांगू नकोस. डागदरांचं ती ऐकेल, पण मनात पूनमलाच दोष देईल. मी जाते. शुक्रवारी जाऊन तिच्या चुलीपुढं बसून सांगते की हे माझ्याकडनं आलंय, पूनमनं काही केलं नाय.

पाकिटावरचा पत्ता तुझा बाप घालतो, पिनकोड मला जमत नाय. दरवेळी मी पाकीट चिकटवून त्याच्या हातात देते. आज उघडंच देणार हाय. तो आता म्हशीला पाणी दाखवायला गेलाय, येईलच.

पत्र मिळालं की फोन कर. कट्ट्यावर कोंडाजी असला तरी चालेल.

तुला जन्मभर यश मिळो असं म्हणणारी,

तुझी आजी सगुणा,
ज्योतीची, सुधीरची, सुनीलची आय