फक्त विमानात दुखणारी दाढ

४ फेब्रु.
बंगळूरहून परत. लेकीचं, पूर्वाचं डोहाळजेवण छान झालं. पण विमान वर चढताना डावी दाढ अशी ठणकली की डोळ्यांत पाणी. उतरल्यावर गायब. घरी बर्फ लावून पाहिला, सुपारी चावून पाहिली, काही नाही. हीच दाढ महिन्यापूर्वी सुमितने भरली. ह्यांचा पुतण्या, शंकर नगरात दवाखाना. संशय येणारच ना!

६ फेब्रु.
सुमितकडे. दाढेवर टकटक केलं, झालं. "काकू, दाँत एकदम ठीक है। कान दुखा होगा।" एक्स-रे नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई, मला कान नि दाढ वेगळी कळत नाही?
ह्यांचं म्हणणं, "घरचा डॉक्टर सोडून दुसरीकडं काहून जातं? वहिनी तोंड नाही पाहणार तुयं." वहिनी म्हणजे सुमितची आई.

१० फेब्रु.
गुपचूप शहराच्या दुसऱ्या टोकाला, गुढियारीच्या एका दवाखान्यात. तिकडे आपल्यातलं कोणी फिरकत नाही. नाव माहेरचं सांगितलं. म्हातारे डॉक्टर, आधी एक्स-रे. भरलेल्याच्या खाली काळी फट. तिथे हवा अडकली असेल म्हणाले. विमान वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते, नस दुखते. "खोलकर दुबारा भरना पड़ेगा। तब तक उड़ना मत।" पटलं. रिक्षात बसल्यावर वाटलं, हाही नवं गिऱ्हाईक धरत नसेल कशावरून? एक्स-रे साडीच्या घडीत ठेवला.

११ फेब्रु.
पूर्वाचा फोन. पोटातलं पाणी कमी झालंय, सिझर सोळालाच. "आई, ये ना गं लवकर." रडत होती. सासू नाही तिला, मी नाही तर कोण? रेल्वेचं रिझर्वेशन नाही. १४चं विमान काढलं.

१२ फेब्रु.
सुमितकडे. एक्स-रे पर्समध्ये, पण काढवला नाही. दिवाळीला एकाच पंगतीत बसायचंय. नुसतं म्हटलं, "उघडून पुन्हा भर रे, माझ्या समाधानासाठी." सुई दिली, दहा मिनिटांत मोकळी. आरसा मागितला तर, "हो गया काकू, क्या देखना।" उघडली का नुसतीच वरून घासली? जबडा बधिर, कळणार कसं.

१४ फेब्रु., विमानतळ
सोडायला सुमित स्वतः. कधी नव्हे ते. एरवी हिंदी झाडणारा, आज मराठीत. मी आणखीच सावध.
"काकू, तुमी गुढियारीले गेल्या होत्या ना?"
"मी? मी कशाले जाऊ?"
याला कुणी सांगितलं, कोण जाणे. आत शिरताना त्याने हातात दुखण्यावरच्या दोन गोळ्या ठेवल्या. "उडायच्या आधी एक घ्या. काही होणार नाही, पण घ्या."
दाढ ठीक आहे तर गोळी काहून? भयंकर राग आला. खरं सांगायला काय जात होतं याचं? मी तरी कुठे सांगितलं म्हणा.
एक घेतली. आता बोलावतायत. पूर्वाला कळवलं, निघाले.