केळ पडली तरी चालेल

प्रिय फिलू,

काल आपली बालवाडी भरलेली असताना वीज कडकडली. तू गेल्यानंतरची ही पहिलीच. मे महिन्याच्या सुट्टीत तू गेलीस, आणि एवढे दिवस तुला चार ओळी लिहाव्यात असंही वाटलं नाही. खरं सांगू? राग होता तुझा. पण काल मुलांनी मला जे विचारलं ते मी दुसऱ्या कोणाला सांगू?

गडगडलं तशी मी तुझ्यासारखीच म्हणाले, "खिडकी सोडा, मध्ये या. आणि उघड्यावर सापडलो तर काय करायचं? करून दाखवा कासव." आठवतं ना? तू बिस्किटांचा पत्र्याचा डबा बडवायचीस आणि सगळी पोरं पाय जुळवून उकिडवी बसायची, मान गुडघ्यांत, हात कानांवर. एखादा हसून कोलमडला की त्याला पुन्हा करायला लावायचीस.

काल कोणी बसलं नाही. निर्मळ गावची ती छोटी रेमी उभीच राहिली. म्हणाली, "कासव करून काय होतं? बाई तर मेल्या."

काय उत्तर द्यायचं, फिलू? तू असतीस तर तुला सुचलं असतं. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली आशीर्वादित झावळी तुमच्यात वादळात पेटवतात, ती पेटवायला एका मुलाची आजी अंगणात जायची. तू तिला मोडता घातला नाहीस. मुलाला एवढंच शिकवलंस, "आजीला सांग, झावळी पेटव, प्रार्थना कर, पण घरात बसून." आजीनेही ऐकलं. माझ्या सासूबाई विजा चमकल्या की, घरावर वीज पडू नये म्हणून अंगणात कोयता टाकायला धावतात, त्यांनाही तू उंबऱ्याच्या आतूनच टाकायला लावलास. सगळ्या गावाला आत बसवलंस, आणि स्वतः?

तुझ्या सासूबाईंनी मला सांगितलं त्या दिवसाचं. वारा सुटला आणि तू बांबू उचललास. आपल्याकडे ते कोणाला सांगावं लागत नाही. घड धरलेल्या केळीला टेकू द्यायला बाईमाणूस, बाप्यामाणूस, सगळे वाडीत धावतात. तुमच्यात काय, आमच्यात काय, व्यालेली केळ म्हणजे घरातली बाळंतीण. तिला पडू द्यायचं नाही, हे मीही माहेराहून शिकून आले. तू टेकू लावत होतीस आणि वरून माड कोसळला.

माडाखाली उभं राहू नका, म्हणून घसा बसेपर्यंत सांगणारी तू! तेव्हा एकदाही आठवलं नाही का गं? की शिकवलेलं ते मुलांसाठी, आपल्यासाठी नाही, असं वाटलं?

शेवटी मी मुलांना खरं ते सांगितलं. म्हटलं, "कासव खरं आहे. बाई चुकल्या." एवढं बोलले आणि मुलांसमोरच रडू आलं. मग एकेक जण खाली बसला. रेमी मात्र मला बिलगली आणि तिने विचारलं, "त्यांना कोणीच अडवलं नाय?"

नाही अडवलं. सगळेच बांबू घेऊन पळत होते, कोण कोणाला अडवणार?

संध्याकाळी पुन्हा वारा उठला. आज सकाळी रेमीची आई तणतणत शाळेत आली. "बाई, काय शिकवता पोरीला? बापाने बांबू घेतला तर ही दारात आडवी पडली. केळ पडली तरी चालेल म्हणते. बापाने दोन धपाटे घातले, तरी हलली नाही. शेवटी बसला तो घरात. निम्मी वाडी आडवी झाली आमची."

मी विचारलं, "आणि रेमीचे पप्पा?"

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "घरात आहेत. बोलत नाहीत कोणाशी."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या आडव्या झालेल्या केळींचं मलाही वाईट वाटलं, पण तुझं जास्त वाटलं.

फिलू, तुझा नवरा अजूनही वारा सुटला की वाडीत जातो. लेकरं दारातून बघत राहतात, तुझ्या सासूबाई त्याला अडवत नाहीत. यापुढे वारा सुटला की मी आधी तुझ्या घरी येईन. तो चिडला, भांडला, गावाने नावं ठेवली, तरी तुझ्या दारात बसेन. तुझ्या लेकरांचा बाप घरात राहील.

तुझीच,
सुमन