पाय बाबांचा, चाक माझं

तीर्थस्वरूप आत्यास,

डोकं तुझ्या पायांशी ठेवून नमस्कार. हात जोडलेत असं समज, कारण उजवा खांदा सध्या माझं ऐकत नाही. (अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत, काकांचा खोकला गेला का, ते सवडीने कळव. इकडे सगळं क्षेम आहे. बाबांचा उजवा पाय, बाबांची साखर, माझा खांदा आणि माझं काळीज एवढं सोडलं तर.

पायाचं तुला अर्धवटच कळलं असणार, कारण फोन बाबांनी केला होता आणि ते त्याला ‘जरासं सोललंय’ म्हणतात. जरासं म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, कोटाच्या बटणाएवढी जखम. झालीही बटणानेच. कुणाच्या तरी शर्टाचं बटण चपलेत पडलं आणि हे आठवडाभर त्याच्यावर पाय देऊन शिलाई मशीनचं पायडल मारत राहिले. साखरेने तळव्याची जाणीव गेलेली, त्याला बटण काय आणि खडा काय. (दुसऱ्याच्या खांद्यातला सुताएवढा फरक ज्याच्या बोटांना कळतो, तोच हा माणूस.) डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीपर्यंत जखम भरायला लागली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि प्रकरण तेवढ्यावर थांबेल याची खात्री नाही. बाबांनी शांतपणे विचारलं, अस्तरासकट का. डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही.

मग मलमपट्टी, गोळ्या, पथ्य आणि जखमेवर भार पडू नये म्हणून एक बोजड बूट असं सगळं सुरू झालं, आणि त्याच्या जोडीला व्यायामाच्या डॉक्टरीणबाई आल्या. माझी समजूत अशी, की जखमी पाय उशीवर ठेवून त्याची पूजा करायची. त्या म्हणाल्या, भार नको, पण हालचाल हवी. खुर्चीत बसायचं, पाय अधांतरी ठेवायचा, घोटा वर-खाली करायचा. त्याने तळव्यापर्यंत रक्त पोचतं आणि जखम भरायला मदत होते. आता बाबांना व्यायामाचं वावडं, हे मी तुला काय सांगू. बाईंसमोर खुर्चीत बसले, पाय उचलला आणि तो तसाच राहिला, खुंटीवरच्या कोटासारखा. बाई गेल्यावर मला म्हणतात, “अरे, हातात कापड नसताना पाय हलवायचा कशासाठी? त्याला तरी काय वाटेल?”

माझं डोकं तुला ठाऊक आहे. (प्राचार्यांना जास्त ठाऊक आहे.) मी तडकलो. म्हटलं, बसा मग मशीनवर, कापड धरा, पाय हवेत हलवा, चाक मी फिरवतो. रागाने बोललो होतो गं. ते उठून बसलेसुद्धा. तेव्हापासून चाकाचा पट्टा काढून ठेवलाय, बाबा कापड सरकवतात, पाय हवेत वर-खाली होतो, आणि मी शेजारी उभा राहून हाताने चाक फिरवतो. पाय जोरात तर मी जोरात, कोपऱ्याशी पाय थबकला की मी थबकायचं. चुकलो की खेकसतात, “पायाकडे बघ, पायाकडे, टाके पळतायत,” जणू तो पाय खरंच मशीनला जोडलाय. मोटर बसवू म्हटलं तर म्हणाले, मोटरला कापडाची भीड नसते. डॉक्टरीणबाई एकदा बघायला आल्या, दारातच उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग एवढंच म्हणाल्या, मधून मधून थांबत जा आणि पाय पायडलला टेकू देऊ नका. मला वाटतं, शिकताना त्यांना हे कुणी दाखवलं नव्हतं.

आता काळजाचं. जिच्यापायी मी कॉलेज सोडलं, तिचं लग्न ठरलंय. (प्राचार्यांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं म्हणून मी त्यांची खुर्ची उचलून तिला बसायला नेऊन दिली. ते खुर्चीत नव्हते, एवढं तरी लोकांनी लक्षात घ्यावं. त्यावर ती मला म्हणाली, तुला मध्ये पडायला सांगितलं कोणी.) मुलगा दातांचा डॉक्टर आहे. आणि लग्नाचे कपडे शिवायला कुठे टाकले असतील, ओळख. त्या घागऱ्याला घेर असा, की सकाळी एका टोकाला लागावं आणि संध्याकाळी आपण अजून तिथेच. त्याचा टाका न् टाका या हाताने फिरलाय. एकदा मी मुद्दाम सावकाश फिरवलं. म्हटलं, लांबेल तेवढं लांबू दे. तर बाबांचा पायही मंदावला, घोटा जेमतेम हलायला लागला. मुकाट्याने वेग वाढवला. बापाचा अंगठा की स्वतःचं प्रेम, असा प्रश्न नशिबाने एखाद्याला जरा इतमामाने तरी विचारावा. मला तो झालर लावताना विचारला.

काल तपासणी झाली. जखम कडेने भरत आलीय. हयगय केली नाही तर अंगठा राहील, म्हणाले. घरी आल्यावर बाबा म्हणाले, चल, बाही राहिलीय.

काकांना नमस्कार, तुझ्या मांजरीला आशीर्वाद.

तुझा अर्धवट शिकलेला, एकहाती
भाचा

ता. क. आजोबांचं हातमशीन तुझ्या माळ्यावर आहे ना, ज्याच्यावरून तू आणि बाबा वर्षभर बोलत नव्हता, ते तेवढं पाठवून दे. बाबा आपल्या हाताने फिरवतील आणि मी सुटेन. खरं तर सगळं पत्र याच्याचसाठी लिहिलं.

ता. क. दुसरा. पत्र टाकायच्या आत ती कपडे घालून बघायला आली. आरशात पाहून म्हणाली, काका, शिवण किती सरळ आलीय. बाबा म्हणाले, पाय माझा, हात याचा. ती माझ्याकडे बघून हसली. दात चांगले आहेत. योग्य घरी पडतायत.

ता. क. तिसरा. हातमशीन पाठवू नकोस. मी हे लिहायला बसलोय म्हणून चाक थांबलंय, आणि बघतोय तर बाबांचा पायही तसाच लोंबतोय. हातमशीन आलं तर त्यांना पायाची आठवणसुद्धा राहायची नाही. खांद्याला चोळायचं मलम मात्र पाठव. मोठी डबी. घागरा संपला, पण नवऱ्या मुलाचा कोटही आमच्याकडेच आलाय.